जनू, ती सही मी कोणासाठी केली?

जनू, तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो दुबे माझ्या दारात उभा. हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा पाडलेला. तू इतके महिने अंथरुणाला होतास तेव्हा तुझ्या कंपनीचा हा माणूस एकदा फिरकला नाही. आणि आता बोईसरहून थेट एडवणला, तेही तुझ्या बायकोला, कल्पनाला न विचारता, माझ्याकडे! सफरचंदं बघितली आणि मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

"दीदी, जनार्दनजी हमारे भाई जैसे थे," म्हणाला. मी म्हटलं, बसा. चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्याने घराच्या चारी कोपऱ्यांवरून नजर फिरवली. मग विचारतो, "उनकी फाइल-वाइल इधर है क्या? और लॅपटॉप?" अरे, भाऊ गेल्याचं दुःख करायला आलास की जप्ती करायला?

शेवटी पिशवीतून कागद निघालाच. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? वर माझं नाव, माझा पत्ता. मजकूर असा, की मेलानोमा नावाच्या कातडीच्या कॅन्सरवरच्या गोळीचं पेटंट मागणाऱ्या अर्जाला मी जो विरोध केला होता, तो मी स्वखुशीने मागे घेत आहे. खाली सहीसाठी रेघ. "बस एक साइन, दीदी. सुनावणी आली आहे पुढच्या महिन्यात. तुम्हाला कशाला त्रास?"

मी चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ज्या पोराने वही आपणहून, न मागता पुढे केली, त्याची मी आधी तपासली. मी दुबेला म्हटलं, दोन दिवसांनी या. तो उठता उठता सहज बोलल्यासारखा बोलला, "वैसे भी, जनार्दनजी ने वो सब अपनी ही दवाई के लिए किया था. अब वो ही नहीं रहे, तो आपका भी काम खत्म."

आणि जनू, मी हादरले. कारण हेच मी तुला तोंडावर बोलले होते. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

आता ओळीने मांडते. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला सवय आहे आणि तुला ऐकून घ्यायची सवय आहे.

गेल्या वर्षीच्या माघातली गोष्ट. मी मागच्या अंगणात बोंबील उलटे करत होते आणि तू मोटारसायकल लावून आलास. बगलेत जाडजूड गठ्ठा.

"ताय, एक सई पायजे."

"कशावर?"

"एका औषधाचं पेटंट मागतायत. त्याला विरोध टाकायचाय. कायद्यात कोणीपण टाकू शकतो. तू पण."

"मग तूच टाक की."

"मी कंपनीत हाय ना. मला नाय टाकता येत."

"म्हणजे बंदूक तुझी, खांदा माझा?"

तू हसलास. तू उत्तराऐवजी हसलास की मी सावध होते. लहानपणी बाबांची जाळं विणायची सुई खाडीत हरवून आलास तेव्हाही असाच दात काढून उभा होतास. मी म्हटलं, न वाचता मी माझ्या निवृत्तीच्या कागदावरही सही केली नव्हती. गठ्ठा ठेव आणि समजावून सांग.

तीन दुपारी लागल्या. तू पाटावर, मी खाटेवर, माझ्या हातात लाल पेन. तारापूरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं औषधं बनवणारा केमिस्ट तू, पण मला समजावताना घामाघूम झालास. काही मेलानोमात म्हणे पेशीच्या आतलं एक बटण बिघडतं आणि कायमचं चालूच राहतं. त्या बटणाला कायनेज म्हणतात. ही गोळी ते बटण नेमकं पकडते आणि बंद धरते. म्हणून ती ज्याचं ते बटण बिघडलंय त्यालाच लागू, बाकीच्यांना नाही. ही गोळी शोधली त्याचं पेटंट आधीच झालेलं, त्याची मुदत संपत आलेली. आता त्याच कंपनीने त्याच औषधाचा एक क्षार, म्हणजे सॉल्ट, काढला आणि म्हणते, हे नवीन, याचं वेगळं पेटंट द्या.

"मग नवीन नाय का?" मी विचारलं.

"आपल्या कायद्यात तसं नाय चालत, ताय. ओळखीच्या औषधाचं नुसतं नवीन रूप आणलं तर रोगावर ते जुन्यापेक्षा जास्त गुणकारी हाय हे दाखवायला लागतं. हे काय दाखवतात? पाण्यात लवकर विरघळते. लवकर विरघळली म्हणजे जास्त बरं करते असं हाय का?"

मी म्हटलं, कळलं. मागच्या वर्षीचाच प्रकल्प, नवा पुठ्ठा. असे प्रकल्प मी ढिगाने परत केलेत.

पण मी तुझ्यावरही विश्वास ठेवला नाही. कंपनीतले कागद चोरून आणले नाहीस ना, असं तीनदा विचारलं. तू शपथ घेतलीस, सगळं छापील आहे, कोणालाही मिळतं. मग मी जुनं पेटंट आणि नवा अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचायला बसले. डोकं उठलं माझं. इंग्रजी तरी किती वाकडं! पण तिसऱ्या दुपारी तो तक्ता सापडला. नव्या क्षाराची तुलना त्यांनी मूळ, क्षार न केलेल्या औषधाशी केली होती. आणि जुन्या पेटंटात त्या औषधाचा दुसरा एक क्षार आधीच लिहून ठेवलेला, त्याच्याशी तुलनाच नाही. मी म्हटलं, हे बघ जनू, चौथीतल्या पोराला पहिलीतल्या पोरांबरोबर पळवतात आणि म्हणतात पहिला आला. तू उठून उभाच राहिलास. "ताय, हे मी लिवलंच नव्हतं!" तुझ्या मसुद्यात तो मुद्दा लाल पेनाने मी घातला. आठवतं ना? तुझा चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता पायाच पडतोस.

म्हणून सही केली. तू हसलास म्हणून नव्हे. कोळगावला जिल्हा कचेरीजवळ जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, पालघरहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्या दिवशी पायऱ्या चढताना तू डावा पाय जपून टाकत होतास. विचारलं तर म्हणालास, बूट चावला. मी नोंद घेतली, पण बोलले नाही. माझं हेच चुकतं. जिथे तिथे शंका काढते आणि नेमकी जिथे काढायची तिथे गप्प बसते.

कारण त्या पायाच्या दुखण्याचं मूळ माझ्याच हाताशी होतं. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर अनवाणी हिंडून आलास आणि म्हणालास टाचेत शिंगाळा माशाचा काटा गेला. मी काय केलं? आईने केलं असतं तेच. बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला आणि तेलाचा चटका टाचेला दिला. मग टाच काळी पडली. पडणारच, बिब्ब्याने काळी पडतेच. महिना गेला, सहा महिने गेले, डाग तसाच. मी आपली सगळ्यांना सांगत सुटले, बिब्ब्याचा डाग आहे, हळूहळू जाईल. तू केमिस्ट ना रे? कातडी बदलली की बिब्ब्याचा डाग उतरतो हे तुला कळत नव्हतं? की कळत होतं आणि माझं मन राखायला गप्प बसलास? बोईसरच्या डॉक्टरने कुरूप म्हणून ते खरवडलं. मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. तोवर वर्ष गेलं होतं. ते वर्ष मी घालवलं. तू मला त्याबद्दल एकदाही बोलला नाहीस, आणि मी तुला विचारायचं धाडस केलं नाही.

तू आजाराचं मला सांगितलंस ते सही झाल्यावर दोन महिन्यांनी. कॅन्सरचं नाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. मेलानोमा! ज्याच्या गोळीवर माझ्याकडून सही घेतलीस तोच! पेटंट मिळालं नाही की दुसऱ्या कंपन्या ती गोळी बनवणार, स्वस्तात मिळणार, तुला मिळणार. आणि मला येडीला वाटलं, भाऊ कायद्यासाठी भांडतोय.

मी तुझ्या बोईसरच्या घरी आले. तू पलंगावर पाय उशीवर ठेवून बसलेला. आजारी माणसाशी असं बोलू नये, पण मी बोलले. "स्वतःच्या गोळीसाठी बहिणीचं नाव वापरलंस. सांगितलं असतंस तर मी डोळे मिटून सही केली असती. तीन दुपारी नाटक कशाला केलंस?" कल्पना काहीतरी बोलायला आली, तू हाताने तिला थांबवलंस. आणि मला म्हणालास, "तसं समज, ताय."

तसं समज! भांडण तरी करायचंस. मी चहा न पिता निघाले. त्यानंतर येत राहिले, पेज आणली, तुझे पाय दाबले, गावातल्या गप्पा सांगितल्या, पण ते वाक्य आपल्या दोघांमध्ये बसूनच राहिलं. प्रत्येक वेळी मी विचारायचे, गोळी सुरू झाली का? तू म्हणायचास, बघू, डॉक्टर सांगतील. सलाईनमधून दुसरं काहीतरी औषध जात होतं. मला वाटायचं, हा गोळीची वाट बघतोय. मनातून चिडलेली, आणि मनातूनच देवाला म्हणत होते, त्याला ती गोळी मिळू दे, मग बघते त्याच्याकडे.

तू गेलास. आणि मग दुबे आला आणि माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारून गेला.

वर्गात दोन पोरांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं, की मी दोघांनाही उभं करते. दुबेचं उत्तर आणि माझं उत्तर सारखं? मला हा माणूस बरोबर बोलेल असं काही वाटत नव्हतं. मग मी तरी बरोबर कशी? दुसऱ्या दिवशी सकाळीच बोईसर गाठलं. कल्पनाला म्हटलं, जनूची दवाखान्याची फाइल दे. ती म्हणाली, कशाला आता? मला तिचाही संशय आला. मी म्हटलं, दे.

तारखा बघत गेले. तुकडा तपासल्याचा कागद. त्यामागे आणखी एक रिपोर्ट. तुझ्या त्या बटणाचा. इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, तो बिघाड आढळला नाही. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. म्हणजे ती गोळी तुला लागूच पडणार नव्हती. स्वस्त असो, महाग असो, फुकट असो. आणि तारीख? पौषातली. तू माझ्याकडे गठ्ठा घेऊन आलास माघात.

"कल्पना, याला माहीत होतं?"

"माहीत होतं, ताई. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं. तळपायाच्या आजारात पुष्कळदा असंच असतं म्हणे."

"मग तो मला बोलला का नाय? मी एवढं बोलले त्याला, त्या दिवशी तू सांगायला आलीस, तुला पण अडवलं त्यानं!"

कल्पना पदराने तोंड पुसत बसली. मग म्हणाली, "मी नंतर त्यांना तेच विचारलं. ते म्हणाले, तायला वाटतंय माझ्यासाठी गोळी हाय, म्हणून ती भांडते. गोळीच नाय कळलं तर रडत बसेल. ती भांडते तेव्हा बरी असते."

जनू, तू म्हणालास तश्शीच मी रडत बसले.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. रडून झाल्यावर मी विचारलंच, मग हा विरोध केला कशाला? कल्पना खरं बोलली, आणि ते ऐकून माझा अर्धा संशय खरा निघाला. सुरुवात कंपनीचीच होती. पेटंट मिळालं नाही तर कंपनीलाही ती गोळी बनवायची होती, म्हणून दुबेनेच तुला सुचवलं होतं, विरोधाला कंपनीचं नाव नको, घरातलं कोणीतरी बघा. तू टाळत होतास. मग इस्पितळाच्या बाकावर वाणगावकडची एक बाई भेटली. डोंगरातली, भात लावणारी. तिच्या पाठीवरचा तीळ वाढलेला. तिच्या नवऱ्याने तिचा रिपोर्ट तुला वाचायला दिला, तू इंग्रजी वाचतोस म्हणून. तिच्यात तो बिघाड होता. म्हणजे तिला गोळी लागू होती. तू त्यांना तसं सांगितलंस आणि ते दोघं खूश झाले. मग आतून गोळीची किंमत ऐकून बाहेर आले आणि तसेच घरी निघून गेले. कल्पना म्हणाली, त्या रात्री तू जेवला नाहीस आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसलास.

पुढे कंपनीची त्या परदेशी कंपनीशीच बोलणी जमली. गोळी इथेच बनवायची, पण त्यांच्या परवान्याने, त्यांच्या भावाने. आता तोच दुबे तुला म्हणायला लागला, विरोध मागे घ्यायला सांग. तू नाही म्हणालास. प्रयोगशाळेतून उचलून तुला गोदामात बसवलं. मला सांगितलंस, प्रकृतीमुळे हलकं काम घेतलंय. किती खोटं बोललास रे माझ्याशी! आणि मी मूर्ख, दुनियेचं खोटं पकडणारी, तुझं एकही पकडलं नाही.

दुबे ठरल्याप्रमाणे आला. मी त्याचा कागद त्याला परत दिला नाही, सहीही दिली नाही. "ठेवून घेते," म्हटलं. तो म्हणाला, दीदी, सोच लो, कंपनी कल्पनाजी के लिए भी कुछ सोच रही थी. मी म्हटलं, सफरचंदं घेऊन जा, आमच्याकडे कोणी आजारी नाही. तो गेल्यावर मात्र कल्पनाला फोन करून विचारलं, तुझं काही अडेल का? ती म्हणाली, "ताई, सही केलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

आज सुनावणी झाली. तुझ्याच घरी, तुझ्याच लॅपटॉपवर, कल्पनाने सगळं जोडून दिलं. पडद्यावर पेटंट कचेरीच्या अधिकारी बाई आणि त्या परदेशी कंपनीचा वकील. आता म्हणे आधी हेच बघतात, की विरोध करणारा माणूस खरा आहे की कोणाचं प्यादं. वकिलाने सुरुवातच तिथून केली. या बाई निवृत्त शिक्षिका, यांचा औषधाशी काय संबंध? यांचा भाऊ औषध कंपनीत होता, यांनी नाव उसनं दिलंय. मी मनात म्हटलं, शाब्बास, मीही याच शाळेतली.

अधिकारी बाईंनी मला हिंदीत विचारलं, तुमच्यामागे कंपनी आहे का?

मी खोटं बोलले नाही, जनू. म्हटलं, सुरुवातीला कंपनीला हा विरोध हवा होता, हे मला गेल्या महिन्यात कळलं. आणि आज त्याच कंपनीला तो नको आहे. हा बघा, मागे घेण्याचा कागद, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आणून दिलेला. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. वकिलाने लगेच दुसरा डाव टाकला. भावाला हाच आजार होता, म्हणजे हा सगळा खटाटोप त्याच्या स्वतःच्या फायद्यासाठीच ना?

ते वाक्य तिसऱ्यांदा. पहिल्यांदा मी बोलले, मग दुबे, आता हा. आणि त्याचं उत्तर द्यायला तू नव्हतास, मीच होते.

मी म्हटलं, "नाही, मॅडम. ही गोळी माझ्या भावाच्या कामाचीच नव्हती. त्याचा रिपोर्ट तसा आहे, आणि तो विरोध लिहायला बसला तेव्हा त्याला ते माहीत होतं. तो दुसऱ्यांसाठी लिहीत होता." कल्पनाने पाठीवर हात ठेवला. अधिकारी बाईंनी विचारलं, आणि तुम्ही? तुम्ही कशासाठी?

"मी ते वाचलंय," मी म्हटलं. "जुनं पेटंट आणि हा अर्ज, शेजारी ठेवून. तुम्ही पण वाचा."

त्यांनी विरोध ऐकायला घेतला. पुढची तारीख देणार आहेत. जिंकू की हरू, मला माहीत नाही, आणि या लोकांचा भरवसा मी निकाल हातात पडेपर्यंत धरणार नाही.

पण एक सांगते. आज ते वाक्य मी तिथे सगळ्यांसमोर खोडलं. अनोळखी बाईसमोर, परक्या वकिलासमोर, पडद्यावर बघून. ज्याच्यासमोर खोडायचं होतं त्याच्या घरात बसून. तू सात-आठ महिने त्या पलंगावर होतास, जनू, मी दर आठवड्याला येत होते, आणि एकदाही मला म्हणता आलं नाही, की बाबा, माझं चुकलं असेल.

माझं चुकलं रे.